मोकळ्या रानातली राखण

आमच्या घराण्यात लिहिणारी मी पहिलीच, हे वाक्य मी पुष्कळ ठिकाणी बोलले आहे. अंगावर शाल पडली की ते आपोआप तोंडात यायचं. आजी गिरणीत सुताच्या कांड्या भरणारी, वडील त्याच गिरणीत, आणि मी मात्र कचेरीतली नोकरी सांभाळून कथा लिहिणारी. ऐकणारे माना डोलवायचे, मीही जरा फुलायचे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मला एक फोन आला, तेव्हापासून ते वाक्य मी बंद केलं.

आधी आजीबद्दल सांगायला हवं. ही वडिलांची आई. चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. दुपारी दारातल्या पायरीवर सूप घेऊन बसायची आणि तांदूळ निवडता निवडता मला गोष्टी सांगायची. राजाराणीच्या गोष्टी तिला येत नसत. तिच्या गोष्टीत कायम 'एक बाई' असे. ही बाई तरुणपणीच विधवा झालेली, मोडनिंबच्या बाजूला एका खेड्यात दिराच्या घरी राहणारी. घरात खाणारी तोंडं फार, म्हणून ती सोलापूरला गिरणीत कामाला निघाली. सहा-सात वर्षांची लेक जावेपाशी ठेवली. शाळू दाण्यावर आलेला, लेक रानातल्या माळ्यावर बसून पाखरं राखत होती. बाई माळ्याखाली उभी राहून तिला म्हणाली, तू पाखरं हाकलत राहा, काढणी झाली की मी येतेच.

इथवर गोष्ट ठरलेली. पुढचा भाग मात्र दर वेळी निराळा. कधी बाई बैलगाडीतून परत जायची आणि लेकीला गूळ-शेंगा न्यायची. कधी तिला जायला फार उशीर व्हायचा, तोवर लेक पाटलाच्या घरची सून झालेली असायची, तरी आईला ओळखून वेशीपर्यंत धावत यायची. एकदा तर बाईनं लेकीला सोलापूरला आणून शाळेत घातलं आणि मास्तरीण केलं. मी हटकायचे, परवा तर वेगळंच सांगितलंस की. आजी म्हणायची, "ती परवाची बाई." आणि पुन्हा तांदळातले खडे शोधायला लागायची.

आजी गेली, पुढे गिरणी बंद पडली, चाळही सुटली. आम्ही जुळे सोलापूर या शहराच्या नव्या भागात फ्लॅट घेतला. निवृत्तीनंतर मी मोठी कादंबरी लिहायचा घाट घातला. विषय भारदस्त हवा, म्हणून सोलापूरच्या गिरण्यांचा इतिहास घेतला. वाचनालयात बसून जुनी कात्रणं उतरवली, मालक, संप, भोंग्याच्या वेळा, सगळं टिपून ठेवलं. तीन फायली भरल्या. कादंबरी एक पानभरही पुढे सरकेना. इतिहास सगळा होता, पण त्यात माणूस सापडत नव्हतं, आणि मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्यांपैकी.

तेवढ्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांना कथा हवी होती. दोनदा फोन येऊन गेला. काहीच सुचेना, तेव्हा आजीची 'एक बाई' काढली. तिचे गोड शेवट मला नको होते. आपण पडलो आधुनिक, आपल्याला सुखान्त पचत नाहीत. माझ्या कथेत बाई परत येतच नाही. शाळू काढून होतो, कडबा रचून होतो, रान मोकळं पडतं, आणि ती पोर तरीही रोज माळ्यावर चढून पाखरं हाकलत बसते. आई म्हणाली होती ना, हाकलत राहा. हा शेवट उतरला तेव्हा मी स्वतःवरच इतकी खूश झाले की दुपारी शिरा करून खाल्ला. अंक आल्यावर ओळखीच्यांनी त्याच शेवटाचं कौतुक केलं. कल्पनाशक्ती अजून तल्लख आहे, असं कुणी तरी म्हणालं आणि मी ते मनात जपून ठेवलं.

मग तो फोन आला. मोडनिंबहून, सत्तरीच्या एका बाईंचा. त्यांच्या नातसुनेनं त्यांना कथा वाचून दाखवली होती आणि अंकाच्या कार्यालयातून माझा नंबर मिळवला होता. ख्यालीखुशाली काही नाही, त्यांनी एकदम विचारलं, "मोकळ्या रानात पाखरं हाकलायचं तुमाला कुणी सांगितलं?"

मी ऐटीत म्हणाले, कुणी नाही, सुचलं.

मग त्या म्हणाल्या, "सुचंल कसं? ती माझी आई हाय."

त्यांच्या आईला लहानपणी काकूपाशी ठेवून तिची आई सोलापूरला गेली होती. जाताना पाखरं राखायला सांगून गेली होती. काढणी झाली तरी पोर माळ्यावर चढून हुर्र हुर्र करायची. गाव हसायचं. चुलत्यानं माळा मोडून टाकला तर ती बांधावर जाऊन बसायला लागली. पुढे चुलतीनं सांगितलं, तुझी आई मेली, आता पुरे कर.

मग त्या माझ्या आजीबद्दल विचारू लागल्या. आजोबांशी तिचा पाट लागला होता का? होय, आजीचं ते दुसरं लग्न, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. डाव्या हाताची करंगळी आत वळलेली होती का? त्या वळलेल्या करंगळीनंच आजी खडा बाजूला सारायची.

म्हणजे 'एक बाई' आजीच होती. माझ्या वडिलांना एक बहीण होती, एसटीनं तास-दीड तासाच्या अंतरावर, आणि ती दोघं एकमेकांना न बघता संपली. माझ्या अंगावर काटा आला तो या नात्यापेक्षाही दुसऱ्या गोष्टीचा. मी बसल्या जागी, चहा पीत, जे 'रचलं' होतं, ते एका जिवंत पोरीनं उन्हात बांधावर बसून केलेलं होतं. मला फार भीती वाटली आणि फार धन्यही वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

त्यांनी बोलावलं म्हणून रविवारी मी मोडनिंबला गेले. हायवेपासून जरा आत, पत्र्याचं ऐसपैस घर, अंगणात डाळिंबाचे क्रेट रचलेले. त्या माझ्या आतेबहीण, वयानं मोठ्या, म्हणून मी आक्का म्हणाले. त्यांनी मला अगं-तुगं करायला चहाच्या पहिल्या कपापर्यंतच वेळ घेतला.

आक्का सांगू लागली. तिच्या आईला माहेरचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच पितृपंधरवड्यात तिनं सासऱ्यांकडे परवानगी मागितली, माझ्या आईचं पान वाढू का? लेकीनं आईचं पान वाढायची रीत नाही, पण सासरा भला माणूस होता, वाढ म्हणाला. तेव्हापासून त्या घरात दर वर्षी एक पान जास्तीचं. पत्र्यावर घास ठेवायचा, कावळा शिवायचा, मग सगळे जेवायला बसायचे.

मी मनात हिशेब केला. तेव्हा आजी सोलापुरात ठणठणीत होती. कांड्या भरत होती, शेजारणींशी भांडत होती, माझ्या वडिलांना न्हाऊ घालत होती. आणि मोडनिंबला तिच्या नावानं कावळा जेवत होता. मला हसू फुटलं आणि आक्काही हसली. म्हणाली, कावळ्याला बिचाऱ्याला काय ठावं.

पण पुढचं ऐकून माझं हसू विरलं. एका वर्षी आक्काची आई गावातल्या बायांबरोबर गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला आली. गावचा एक माणूस गिरणीत होता, त्यानं तिला भोंग्याच्या वेळी फाटकापाशी नेलं आणि लांबून दाखवली, ती बघ तुझी आई. पाळी सुटली होती. आजी बायांच्या घोळक्यात होती, डोक्यावर कापूस उडालेला, आणि कशावरून तरी खळखळून हसत होती. लेक तशीच मागे फिरली. त्या वर्षीही पितरांना तिनं आईचं पान वाढलं, पुढेही मरेपर्यंत वाढत राहिली. नवऱ्यानं एकदा विचारलं, अगं ती जिवंत आहे ना? ती म्हणाली, "ती कुणीतरी दुसरी बाई हाय. माझी आई मेली."

चाळीच्या पायरीवर एक आई लेकीच्या गोष्टीचे शेवट बदलत होती आणि इथे लेकीनं आईला आपल्या गोष्टीतून बाहेर काढून तिथे मेलेली आई ठेवली होती. दोघींनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. माझ्या तीन फायली आणि अंगावर पडलेल्या सगळ्या शाली मला त्या अंगणात फार हलक्या वाटल्या.

आक्कानं कप बाजूला ठेवला. ज्यासाठी तिनं मला बोलावलं होतं ते आता ती बोलणार, हे तिच्या बसण्यावरून कळलं.

"एक इचारते, खरं सांग. ती आलती का?"

मला आधी समजलं नाही. तिनं समजावून सांगितलं. मोकळ्या रानातल्या राखणीचं इकडच्या कुणी तुला सांगितलेलं नाही. मग आजीनं सांगितलं असेल, तर आजीला ते कसं ठाऊक? काढणीनंतर ती आली असली पाहिजे. लांबून पोरीला बघून परत गेली असली पाहिजे. आणि तुलाच सुचलं असेल, तर मग ती आलीच नाही. आई मरेस्तोवर म्हणत राहिली, ती आली नाही. आक्काला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

मी डोळे मिटले. सूप दिसलं, पायरी दिसली, करंगळी दिसली. 'मोकळं रान' हे शब्द आजीच्या आवाजात ऐकायचा मी जिवापाड प्रयत्न केला. एका बाभळीआड उभी असलेली बाई आठवली. पण ती बाभळ माझ्या कथेतही आहे. आजीनं ती मला दिली की मीच लावली, ते सांगता येईना. जन्मभर ऐकीव आणि रचलेलं एकत्र कालवत आले, आता वेगळं करायला गेले तर होईना.

एक शब्द पुरला असता. होय, आजीनं सांगितलं होतं, एवढं म्हणायचं. खोटं लिहिणं हा तर माझा धंदा, आणि म्हातारीच्या जिवाला शांतता मिळाली असती. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण त्या पोरीच्या बाबतीत जे काय खरं असेल ते तिच्याच मालकीचं होतं, त्यात भर घालायचा मला हक्क नव्हता.

"मला आठवत नाही, आक्का," मी म्हणाले. "देवाशपथ आठवत नाही." आणि मी रडले. इतकं तर मी आजी गेल्यावरही रडले नव्हते.

आक्का चिडली नाही. मग विचारलं, तुझ्या आजीच्या गोष्टीत ती बाई परत जायची का? मी म्हणाले, दर वेळी जायची. एकदाही चुकली नाही? एकदाही नाही.

"मग काय करायला पायजे हुतं, ते तिला म्हाईत हुतं," आक्का म्हणाली.

जेवणं झाली. निघताना तिनं मला पुन्हा बसवलं. म्हणाली, आई गेली तरी आम्ही दोन्ही पानं वाढतो, आईचं आणि तिचं. तिच्या पानात पुरणपोळी असते, ती तिला आवडायची का?

आजी गोडाला हातही लावत नसे. दात शिवशिवतात म्हणायची, सणाला पोळी आमच्या पानात सारायची. मी तसं सांगितलं. आक्कानं तोंडावर पदर धरला. "येवढी वर्सं उपाशीच की मग," ती म्हणाली.

मग तिला काय आवडायचं ते नीट विचारून घेतलं आणि लिहून दे म्हणाली. मी पिशवीतल्या वहीचा कागद फाडून लिहिलं: ज्वारीची शिळी भाकरी, शेंगाची चटणी, चटणीवर कच्चं तेल, बुक्कीनं फोडलेला कांदा. आक्काच्या डोळ्यांना आता अक्षर लागत नाही. तिनं नातसुनेला बोलावून तो कागद दोनदा वाचायला लावला. मग तो माझ्यापुढे धरून तिनं विचारलं,

"ह्यात सुचलेलं काय न्हाय न्हवं?"

मी म्हणाले, "नाही, आक्का. एक अक्षरही नाही."