दुपारी थांबणारा ब्लोअर

जरा जवळ येऊन बसा. आणि सांडपाणी म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका हं! पोलीसबाईने खून-दरोडेच सांगावेत, असं कुणी शिकवलं तुम्हाला? खून-दरोडे मी विसरत चालले. ही केस मात्र मनातून जात नाही.

तेव्हा मी फलटण भागातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. गावाबाहेर नगरपंचायतीचं छोटं सांडपाणी केंद्र होतं. गटाराचं पाणी टाकीत यायचं, ब्लोअर त्यात हवा सोडायचा आणि त्या हवेवर जगणारे जिवाणू घाण खाऊन पाणी स्वच्छ करायचे. हवा थांबली की ते मरतात. तसंच झालं. काळं पाणी ओढ्यात उतरलं, खालच्या वस्तीच्या विहिरी नासल्या. कुणीतरी ब्लोअर बंद करतंय अशी तक्रार आली. संशय ऑपरेटरवर. नोकरी जाणार होतीच, अटकही होणार होती.

शेजारच्या ऊसवाल्याने हवालदाराला खबर दिली. "दुपारी घरघर थांबती बगा. तेवढीच आमाला झोप लागती. लय कडक कारवाई करू नका!"

ऑपरेटरला ठाण्यात बोलावलं. चहा दिला, तो प्यायला नाही.

"मीच बंद केला. लिवा."

"का केला?"

"कारण कशाला पायजे, म्याडम? मी म्हंतोय न्हवं!"

माणूस आधी नाकारतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. इतक्या घाईने कबूल करणारा बहुधा कुणाला तरी झाकत असतो. जबाब थांबवला आणि त्याला तिथंच बसवून ठेवलं. दुपारी केंद्राकडे पाठवलेल्या हवालदाराचा फोन आला, "म्याडम, ब्लोअर बंद झाला." ऑपरेटर तर माझ्यासमोर बसलेला!

मी साध्या साडीत गेले. फाटक उघडं होतं. आत स्विचच्या पेटीशेजारी एक म्हातारी बसली होती. बाजूला गवताचा भारा, मांडीवर मोबाईल, दोन्ही हातांनी धरलेला.

"आजी, हे तुम्ही बंद केलंत?"

"गप बसा वाईच. लेकाचा फोन येणार हाय. मिलिट्रीत हाय त्यो."

"रोज येतो?"

"दिवाळीला आलता." मग जरा रागानं म्हणाली, "ह्या घरघरीत ऐकू येत न्हाई, मग त्यो ठिवून देतो. आज आला तर?"

तिचं घर कुंपणाला लागून. म्हशीसाठी आतलं गवत कापायला ऑपरेटरनेच तिला किल्ली दिलेली. जिवाणू मरतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उसाला पाणी पाजून झालं की मोटर बंद करतात, तसा ती ब्लोअर बंद करायची.

ठाण्यात परतल्यावर ऑपरेटरला विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "केंद्र चालू केलं तवा टाकीत इरजणासारखं शेण घालाय लागतं. तिनंच दिलं, म्हशीचं. मला आय न्हाई, म्याडम. तिला ठाण्यात कसं आणू देऊ?"

म्हातारीकडून नंबर घेऊन मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "तिला काय ऐकूच येत न्हाई, म्याडम. नुसतं 'काय? काय?' करती. म्हणून फोन कमी केलं." मी चांगलं झापलं त्याला. म्हातारीला समज देऊन सोडलं, ऑपरेटरची नोकरी वाचली, आवाज अडवायला ब्लोअरभोवती भिंत झाली. टाकीत पुन्हा तिच्याच म्हशीचं शेण गेलं. मुलाने काही दिवस फोन केले. नंतर पुन्हा कमी झाले.

त्या केसने मला एक सवय लावली. पुढे कुणाचाही जबाब घेताना मी विचारायची, घरी कोण असतं? आता निवृत्तीनंतर साताऱ्यात या खोलीत मला कुणी तो प्रश्न विचारला, तर सांगायला फार वेळ लागणार नाही.

आज सकाळी त्या म्हातारीला फोन लावला. लगेच उचलला, जणू हातातच होता. लेकाचा नाही, माझा आवाज आहे हे तिने ओळखलं. मग म्हणाली, "तुमी व्हय! फोनवर कसली चौकशी करताय? म्हस व्यालीया. खरवस करून ठिवते. उद्याच्या गाडीनं या."