साडूंचा कोपरा

देवाने जग घडवताना खोल्यांना कोपरे का ठेवले, हे पृथ्वीतलावर फक्त माझ्या मोठ्या साडूंना कळलेलं आहे. तुम्हीआम्ही कोपऱ्यात झाडू ठेवतो, छत्री टेकवतो, फार तर रुसून बसतो. साडूंना मात्र मोकळा कोपरा दिसला की अन्न गोड लागत नाही. माझ्या लग्नानंतर ते आमच्या पेणच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा कोशिंबीर वाढेपर्यंत माझ्या खांद्यावरून मागेच बघत होते. मग माझ्या पाठीमागे बोट दाखवून हळहळले, "पाहुणे, ती जागा फुकट चाललीय तुमची." मी दचकून वळलो. मागे कोपरा होता, दुसरं काही नाही.

धाटावच्या केमिकल कंपनीतून रिटायर झाल्यावर कोणी भजनी मंडळात जातं, कोणी सोसायटीच्या भांडणात पडतं. साडूंनी कप्पे घेतले. एकमेकांना चापांनी जोडायचे, हवे तसे रचायचे, नको झाले की सोडून पुन्हा रचायचे, असे ते चौकोनी कप्पे. त्यांना कपाट म्हटलेलं साडूंना खपत नाही. "कपाट एकदा उभं राहिलं की संपलं. ही शिस्टीम हाय. ही वाढते." आणि ती खरोखरच वाढली. रोह्याला लागून असलेल्या वरसेतल्या त्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात मी तिची सगळी रूपं पाहिली आहेत: कधी जिना, कधी मनोरा, एकदा तर खिडकीच वर्षभर झाकून टाकणारी तटबंदी. पाहिली आहेत म्हणजे काय, दर वेळी टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. माझी कंबर दुखते त्याचं मूळ डॉक्टरांना अजून सापडलेलं नाही. ते वरसेत आहे.

बरं, कप्पे रचून माणसाने त्यात सामान भरावं की नाही? साडूंनी सामानाला ड्यूटी लावली. सकाळी लागणाऱ्या वस्तू फर्स्ट शिफ्टच्या कप्प्यात, दुपारच्या सेकंड शिफ्टला, आणि बॅटरी, बाम, मच्छरची अगरबत्ती नाइट शिफ्टला. चहासाखर फर्स्टला, त्यामुळे संध्याकाळी आलेल्या पाहुण्याला सरबत मिळतं. एकदा ताईंनी, म्हणजे आमच्या मेहुणीबाईंनी, भर दुपारी बाम मागितला तर हे म्हणाले, "आता कसा मिळंल? तो रात्रपाळीला हाय." ताई शांतपणे म्हणाल्या, "उभा जन्म यांच्या शिफ्टा सांभाळल्या, आता बामाची सांभाळते." आणि उठून बाम घेतला.

पण या माणसाची खरी तऱ्हा वेगळीच आहे. त्यांना मनातलं बोलता येत नाही. बोलायची वेळ आली की ते काहीतरी रचायला घेतात. साडूंची आई ते शाळेत असतानाच गेली. आमच्या पेणमध्येच त्यांचं मूळ घर; तिथे त्यांना वाढवलं ते थोरल्या वहिनीने. गेल्या वर्षी थोरले भाऊ गेले आणि त्या घरात वहिनी एकट्या राहिल्या. त्यांना मूलबाळ नाही. वहिनीला कायमचं वरसेला आणावं, याचा साडूंनी ध्यास घेतला. हे त्यांनी मला सांगितलं, ताईंना सांगितलं, औषधाच्या दुकानदारालासुद्धा सांगितलं. सांगितलं नाही ते फक्त वहिनींना. त्याऐवजी त्यांनी शिस्टीमचा खालचा सगळा थर रिकामा करून ठेवला, कारण वहिनींचा खांदा आखडलेला आहे आणि हात वर जात नाही.

यंदा वहिनींनी आपणहून निरोप धाडला की गणपतीचं आता आपल्याच्याने होत नाही, तेव्हा देव वरसेला बसवा. "मी पाच दिवस येईन. पाहुणी म्हणून," असंही बजावलं. साडूंनी पाहुणी हा शब्द ऐकलाच नाही. ते मला घेऊन पेणजवळच्या जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती ठरवायला गेले आणि खिशातून टेप काढून एकेका गणपतीची रुंदी घेत सुटले. रंगकाम करणारी बाई हात थांबवून म्हणाली, "काका, देवाला शर्ट शिवताव काय?" साडूंनी तिच्याकडे लक्ष न देता मला आकडा सांगितला. मी गणपतीची नजर चुकवली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती पाटावर ठेवली आणि साडूंनी तिच्याभोवती कप्पे रचले. दोन्ही अंगांना, मागे, वरून कमान, आणि सगळं चापांनी एकजीव. असं मखर मी जन्मात पाहिलेलं नाही. मूर्ती आणि कप्पा यांच्यामध्ये अगरबत्तीची काडीसुद्धा शिरली नसती. येणारा-जाणारा वाखाणत होता आणि साडू प्रत्येकाला शिस्टीम समजावत होते. वहिनी मात्र पाच दिवस स्वतःच्या पिशवीतूनच कपडे काढत होत्या, पुन्हा तिच्यातच घडी घालून ठेवत होत्या. खालचा थर रिकामाच राहिला. साडू येता-जाता त्याच्यावरची धूळ पुसत. धूळ नव्हतीच. मला त्यांची फार कीव आली.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली. अक्षता वाहिल्या. आता मूर्ती जागेवरून जराशी हलवायची आणि मग विसर्जनाला न्यायची. साडू पुढे सरसावले आणि तसेच थांबले. हात घालायला जागाच नव्हती. डावीकडून नाही, उजवीकडून नाही. त्यांनी पाट ओढून पाहायला घेतला, तशा वहिनी कडाडल्या, "ओढतोस काय रे? देव हाय का बाकडं? दोन्ही हातांनी धरून उचलायचा." बाहेर ताशा वाजायला लागला होता. घामाघूम झालेल्या साडूंनी एकेक चाप सोडायला सुरुवात केली. रिकामे करत बसायला वेळ नव्हता, म्हणून देवाला धक्का न लावता कप्पे भरलेलेच उतरवायचे होते. फर्स्ट शिफ्ट सोफ्यावर गेली, रात्रपाळी दारात पडली आणि बाप्पा मधोमध बसून सगळा तमाशा बघत होते. ताईंना हसू आवरेना. वहिनी पदर खोचून मदतीला बसल्या. अखेर मूर्ती हलली, आणि साडूंनी सोडलेला सुस्कारा ताशातूनही ऐकू आला.

कुंडलिका नदीवर विसर्जन करून आम्ही परतलो. प्रसाद वाटून झाला, शेजारी गेले. कोपऱ्यात नुसता पाट, पाटावर तांदूळ आणि शेजारी समई. वहिनी त्याच्यासमोर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "किती भकास दिसतंय." मग हळूच, "तिकडं तर सगळं घरच असं दिसतं रे. रोज."

खोलीभर कप्पे पसरलेले होते. मला वाटलं, साडू आता उठणार आणि टेप शोधणार. पण ते वहिनींच्या शेजारी जाऊन खाली बसले. मान खाली घालून म्हणाले, "मग नको जाऊस तिकडं."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "दारात पडवळाचा वेल हाय. पडवळं लागलीत. ती काढायची कोणी?"

"आपण दोघं जाऊन काढू. टेम्पो सांगतो."

"चार पडवळांना टेम्पो?"

"पडवळांना नाय. तुझ्या सामानाला."

वहिनी हो म्हणाल्या नाहीत. पण ताईंकडे वळून त्यांनी विचारलं, "याला पडवळाची भाजी आवडते का गो अजून?" साडू उठून घाईघाईने मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले. मी ताईंकडे पाहिलं नाही, कारण माझ्याही डोळ्यांचं काही खरं नव्हतं.