आईनं धुतलेला पेला

माझं ऑफिस नव्या रायपूरला गेलं, त्याच सुमारास बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि समता कॉलनीतल्या आमच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी आली. निळ्या उजेडात दोन नारिंगी मासे तरंगत असायचे. दुपारी पडदे ओढले की सगळी खोलीच पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची. आई मात्र टाकीकडे फिरकायची नाही. ‘तुमचा समुद्र’ म्हणायची.

टाकीखालच्या कपाटात पाणी साफ करणारं एक यंत्र होतं, स्किमर. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचं, त्यांना घाण चिकटायची आणि तिचा फेस वरच्या पेल्यात जमायचा.

एका रविवारी जेवून बसलो होतो, तर कपाटाच्या दारातून फेस बाहेर येऊ लागला. पांढरा, हलका, आवाज न करता फरशीवर पसरत जाणारा. क्षणभर मी नुसती बघतच राहिले, इतका तो सुंदर होता.

बाबांनी खाली बसून पाण्याची पातळी पाहिली. बरोबर होती. हवेची नळी पाहिली, पंप पाहिला. फेस थांबेना.

“काहून होऊन राहिलं असं?” ते स्वतःशीच म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “मी सकाळी तो पेला धुतला,” ती हळूच म्हणाली. “लय वास मारून राहिला होता.”

“कायनं धुतला?”

“भांड्याच्या साबणानं. अजून कायनं धुतात?”

मला वाटलं, आता बाबा चिडणार. त्यांनी चष्मा काढून पुसला. “तू धुतला?” एवढंच म्हणाले, आणि हसले.

मग आम्ही पेल्याची नळी बादलीत सोडली आणि साबणाचा फेस वाहू दिला. जितकं पाणी गेलं तितकं नवं हवं होतं. बाबांनी टबात समुद्री मीठ ओतलं आणि आई पदर खोचून लाकडी काठीनं ढवळायला बसली. मीठ विरघळायला वेळ लागतो. ती सावकाश ढवळत राहिली, कूलर घुमत राहिला, बाहेरचं ऊन पडद्यावर हलत राहिलं.

“खरा समुद्र पाह्यला काय हो तुम्ही?” तिनं विचारलं.

“एकदा, पुरीले. ड्यूटीवर गेलो होतो.”

“मले काहून नाई नेलं?”

मासे काचेजवळ आले होते आणि आई पहिल्यांदाच त्यांच्याकडे वाकून पाहत होती.

दोन-तीन दिवसांत फेस ताळ्यावर आला. मासे वाचले. त्या हिवाळ्यात दोघं पुरीला गेले. फोनवर बाबा सांगत होते, आई सकाळपासून लाटांत पाय बुडवून उभी आहे, चहालाही बाहेर येत नाही. मागे समुद्र ऐकू येत होता. मी बोलणं थांबवून तो ऐकत राहिले.