खिडकीची जागा मामींची

फ्रान्स आणि स्पेन हे दोन देश माझ्या मामेसासऱ्यांना जितके ठाऊक होते, तितके तिथल्या पोस्टमनलाही ठाऊक नसतील. आणि मामा वडवणी तालुक्याबाहेर गेले होते ते फक्त ऊस तोडायला! उमेदीची सारी वर्षं त्यांनी ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम म्हणून काढली. पुढे विहिरीला पाणी लागलं, द्राक्षं लावली, गावातले बागायतदार गोळा करून सहकारी संस्था काढली आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून अध्यक्षही झाले. संस्थेची द्राक्षं वाइनच्या कारखान्याला जायला लागली, तेव्हा त्यांनी ठराव मांडला की ही वाइन मुळात जिथली, ते फ्रान्स-स्पेन एकदा बघून यायचं. गंमत अशी, की मामांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. खोकल्याच्या औषधाला वास येतो म्हणून ते सुंठ चघळत.

मी भूगोलाचा मास्तर, त्यामुळे नकाशासकट माझी नेमणूक आपोआप झाली. "दोन देशांच्या मधी काय हाय, जावईबापू?" डोंगर आहे, मी म्हणालो. "म्हंजे आपला बालाघाटच की! घाट उतरला की पलीकडलं गाव." परदेशातल्या पर्वताची इतकी सुटसुटीत ओळख मला वर्गात कधी जमली नाही.

मुकादमी सुटली तरी मामांची मुकादमी मोजणी सुटली नव्हती. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मामा टोळीत घेत नसत. दौऱ्याची माणसंही त्यांनी कोयत्यांतच मोजली. संचालक मंडळी बायकांना घरी ठेवून मनानं केव्हाच विमानात बसली होती. त्यांची तोंडं कारलं चावल्यासारखी झाली. "कावून पण, अध्यक्ष? आमी काय पळून चाललोय का?" एकानं विचारलं. "पळून जा न्हाईतर उडून जा. जोडी असंल तर नाव, न्हाईतर न्हाई," मामा म्हणाले. दोघांना तिथल्या तिथं गुडघेदुखी सुरू झाली आणि त्यांनी नावं मागं घेतली.

पुण्याहून ट्रॅव्हल कंपनीचा माणूस रंगीत कागद घेऊन आला. राजवाड्यातला मुक्काम, तळघरातली लाकडी पिंपं, जेवणाच्या प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. "आमच्या मंडळीला चूल पेटवावी लागंल का? आन् तवा तिथं तोडणी चालू असंल ना?" ऐन तोडणीत खोल्या मिळणं अवघड, असं तो म्हणाला. मामा अडून बसले. तोडणी नसेल तर दौराच नको! हा सगळा खटाटोप मामींसाठी आहे, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. लग्न झाल्यापासून मामींचा प्रवास म्हणजे ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांवर बसून जाणं, उतरल्याबरोबर तीन दगडांची चूल मांडणं आणि पहाटे फडात उभं राहणं. "एकदा तिनं बसून ऱ्हायचं आन् दुसऱ्यांनी तोडायचं. शब्द दिलाय मी तिला," मामा म्हणाले.

मग अंगणात तालमी सुरू झाल्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या बससारख्या रांगेत मांडायच्या आणि मी नकाशा धरून गावांची नावं पुकारायची. खिडकीची जागा मामींची. खिडकी अर्थातच नव्हती, जास्वंदीचं झाड होतं. मामी थोडा वेळ नीट बसत, मग हळूच सूप ओढून तांदूळ निवडायला लागत. मामा सूप काढून घेत. "दौऱ्यात काम बंद!" मामी बिचाऱ्या हात पदराखाली घेऊन म्हणत, "आवं, हाताला काय तरी द्या की. लई कसंतरी हुतंय."

त्या वर्षी पाऊस झाला नाही, पुढच्या वर्षीही झाला नाही. दौऱ्यासाठी जमवलेलं सगळं बागांच्या टँकरवर गेलं. तो ठरावही मामांनीच मांडला. बागा वाळल्या त्या वाळल्याच. मामांनी आपली बाग स्वतःच्या हातानं तोडली आणि मामी शेजारी उभ्या राहून तोडू लागल्या. कोयता पुरा होता.

ज्या दिवसांत विमानात बसायचं होतं, त्याच दिवसांत दोघं पुन्हा ऊसतोडीच्या ट्रकशी उभी होती. मी निरोप द्यायला गेलो. पाहतो तर मामा ट्रकमधल्या सामानावर अंगणातली एक खुर्ची दोरीनं आवळून बांधत होते. लोक हसायला लागले. मामींनी तोंडाला पदर लावला. "बस तिथं. निदान बसून तरी चल," मामा म्हणाले. मामी बसल्या. ट्रक हलला तशा वरून ओरडल्या, "जावईबापू, फ्रान्स आलं की आवाज द्या!" सगळे खो खो हसले. मीही हसलो आणि हसता हसता मला रडू आलं.

मामा आता नाहीत. ती खुर्ची आहे, पाय तारेनं बांधलेला. मी गेलो की मामी ती माझ्यासाठी बाहेर आणतात. मी ओट्यावर टेकतो आणि खुर्चीत त्यांनाच बसवतो. सूप आता त्या आपणहून बाजूला ठेवतात.

"कुठवर आलोय, जावईबापू?"

"घाट उतरलो, मामी. खाली मळ्यात तोडणी चालू आहे."

मामी जास्वंदीच्या पलीकडं बघतात. हात मांडीवर, मोकळे.

"तोडू द्या त्यांना," त्या म्हणतात.