आडुळशाचा प्याला

"आपले काढेमामा गेले," असं फोनवर ऐकलं आणि रडण्याआधी मला हसूच फुटलं. मामांचं खरं नाव शमुवेल. मंठ्यातल्या आमच्या लहानशा चर्चचे कारभारी. हे टोपणनाव त्यांना माझ्यामुळं चिकटलं, आणि ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती...

लग्न होऊन मला जेमतेम महिना झाला होता. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी प्यायचा, द्राक्षरस प्याल्यांत भरायचं काम सासूबाईंनी मोठ्या विश्वासानं माझ्यावर सोपवलं. मागच्या खोलीत सारख्याच दोन बाटल्या. मी घाईघाईत पाळकसाहेबांच्या खोकल्याचा आडुळशाचा काढा भरला! प्रार्थना झाली, सगळ्यांनी भक्तिभावानं प्याले तोंडाला लावले आणि... अगं बाई! सगळी तोंडं वाकडी, पण प्रभुभोजनात थुंकायची हिंमत कुणाची? सासूबाईंची नजर माझ्याकडं वळली. मला प्याले भरताना मामांनी पाहिलं होतं. ते उठले. "मंडळी, बाटली मी बदलली. माझंच डोकं फिरल्तं." सगळे त्यांच्यावर तुटून पडले. मी मान खाली घालून गप्प बसले.

पुढं बावीस वर्षं दर प्रभुभोजनाला कुणीतरी विचारायचंच, "काढेमामा, आज गोड हाय ना?" मामा खो खो हसायचे. मला मात्र चैन पडत नसे. दर सणाला त्यांच्याकडं डबा घेऊन जायची. एका नाताळाला ते वैतागले. "सूनबाई, हे काय लावलंस?"

"प्रायश्चित्त, मामा."

"ते आपल्याच्यानं झालं असतं तर येशूला वधस्तंभावर कशाला जावं लागलं असतं? आपल्यासाठी त्यानं केलं. आपण बिलकुल काही फेडायचं न्हाई, नुसतं घ्यायचं." मग डब्याकडं बघून म्हणाले, "हे परत नेऊ नको मात्र. करंज्या हाईत ना?"

मागच्या रविवारी त्यांची स्मरणसभा झाली. लोक काढ्याचा किस्सा सांगून पोट धरून हसत होते. माणूस गेला तरी माझी चूक त्याच्याच नावावर! मला सहन होईना. उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. पुढच्या बाकावर सासूबाई होत्या, आता ऐंशीच्या. त्यांच्याकडं बघायचं धाडस होईना.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "मला त्याच दिवशी कळल्तं. तुझ्या पदरावर काढ्याचे डाग होते."

"मंग बोलल्या का न्हाईत, आत्याबाई?"

"त्यानं अंगावर घेतलं होतं ना? मंग मी पुन्हा तुझ्यावर कशाला टाकू?"