गाडीत कुणीतरी जागं पाहिजे

दाजी गेल्याचा फोन त्यांच्या ड्रायव्हरनं, गफूरनं केला. भरदुपारी, मी अंबाजोगाईत माझ्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकाशी वाद घालत होतो, आणि गफूर एवढंच म्हणाला, "मामा, अप्पा बोलंना गेले." नारायणगडाचं दर्शन घेऊन दाजी घाटनांदूरला परत निघाले होते. नेहमीसारखे जीपमध्ये गफूरच्या शेजारी बसलेले, नेहमीसारखे बोलत. मांजरसुंब्याचा घाट मागे पडला, गाडी केजच्या रस्त्याला लागली आणि त्यांनी एक वाक्य सुरू केलं. "तुला सांगतो गफूर, इमानातून येताना सगळे निजले ना, तवा त्यो डायवर..." आणि तिथंच थांबले. गफूर बराच वेळ वाट पाहत राहिला, की आता पुढचं सांगतील, मग सांगतील... त्यानं वळून पाहिलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. आज इतके आठवडे झाले, पण दुःखाच्या आधी मला रागच येतो. जन्मभर या माणसानं एक गोष्ट थोडक्यात सांगितली नाही. जायच्या वेळी तेवढी अर्धी सोडली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव त्यांना अप्पा म्हणे. घरची जमीन चांगली, गावच्या राजकारणात निम्मं आयुष्य गेलेलं, सरपंचकी करून झालेली. साप निघाला की लोक त्यांना बोलवायचे, भांडण निघालं तरी त्यांनाच बोलवायचे. त्यांची एक खोड मात्र सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. कुठल्याही गाडीत ते पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसत. मानपान म्हणून नव्हे. ड्रायव्हरला झोप लागू नये ही आपली जबाबदारी आहे, असं त्यांनी लहानपणीच कधीतरी ठरवून टाकलं होतं. बसल्या बसल्या दोन प्रश्न ठरलेले, "जेवला का? झोप झाली का?" मग कोटाच्या खिशातून वडिलांचा अडकित्ता निघायचा, सुपारी कातरली जायची, एक खांड ड्रायव्हरला, एक स्वतःला, आणि तोंडाचा पट्टा सुरू. पाऊस, उसाचा भाव, कुणाची सोयरीक मोडली, कुणाची बोअर कोरडी गेली. मागं बसलेल्या आम्हालाही डोळा लावायची चोरी. मान कलली की पुढून आवाज यायचा, "पाव्हणं, निजू नगा. तुमचं बघून त्याला झोप यील." मी त्यांचा मेहुणा, म्हणून मी पाव्हणं. लग्नकार्याला जाताना त्यांच्या गाडीत जागा मिळू नये यासाठी मी काय काय बहाणे केले आहेत, ते अक्कालाच माहीत.

असा हा माणूस विमानाला भ्यायचा. साधंसुधं नाही, लई. एकदा निवडणुकीच्या धामधुमीत एका पुढाऱ्यानं त्यांना आपल्या हेलिकॉप्टरमध्ये बसा म्हटलं, पाटोद्याच्या सभेला लगेच पोचू. दाजी म्हणाले, "तुमी व्हा पुढं, आमी आलोच गाडीनं." ते पोचले तेव्हा मंडपवाले खुर्च्या एकात एक घालून रचत होते. यावर कुणी काही बोललं की ते उलट आपल्यालाच झापायचे. "जीप बंद पडली तर कडेला घेता येती. तिथं कड कुठं हाय, ते दाखव की."

एरवी हे खपूनही गेलं असतं. पण त्यांची एकुलती एक लेक, मनू, लग्न करून कॅनडात गेली. जावई भला माणूस, संसार सुखाचा, सगळं छान. मात्र दर वर्षी अप्पा कधी येता असं तिनं विचारायचं आणि दर वर्षी दाजींनी नवं कारण काढायचं. ऊस कारखान्याला जायचाय, गडावर सप्ताह आहे, पंचायतीची निवडणूक आहे, म्हैस व्यायची आहे. कॅनडाला न जाण्याचं कारण म्हणून म्हैस पुढं करणारा माणूस माझ्या नात्यात आहे, हे मी चारचौघांत कसं सांगणार? शेवटी मनूला दिवस गेले. बाळंतपणाला आईबाप दोघंही हवेत, असा तिनं फोनवरच हट्ट धरला. दाजी हो म्हणाले. तिकिटं निघाली. आमच्याकडून हैदराबाद जवळ, म्हणून मी आणि गफूर दोघांना हैदराबादच्या विमानतळावर सोडायला गेलो. ती दोघं आत गेली आणि आम्ही हुश्श करून बाहेर चहा घेत उभे राहिलो. पेला अर्धा झाला नसेल, तोच दाजी आपली बॅग ओढत बाहेर!

"काय झालं?" मी विचारलं.

"डायवर दाखवा म्हनलं, तर दाखवंनात."

काउंटरवरच्या मुलीला त्यांनी विचारलं होतं, की चालवणारा कोण, जेवला का, त्याची झोप झाली का. ती बिचारी हसली. इथंच सगळं बिनसलं. ज्या गाडीच्या ड्रायव्हरची झोप विचारल्यावर लोक हसतात, त्या गाडीत आपण बसणार नाही, असं जाहीर करून हे मागं फिरले. मी अक्काला फोन लावला. मला वाटलं, ती रडत असेल. ती म्हणाली, "त्यांना घरी न्या. मी निघाले." आयुष्यात नवऱ्याशिवाय लातूरच्या पलीकडं न गेलेली माझी बहीण, इंग्रजीचा एक शब्द न येता, एकटी कॅनडाला गेली आणि सापाला न भिणारे सरपंच जीपमध्ये गफूरच्या शेजारी येऊन बसले. त्या दिवशी उदगीर गेलं, अहमदपूर गेलं, तरी ते एक अक्षर बोलले नाहीत. अडकित्तासुद्धा काढला नाही. मी त्यांना घालूनपाडून बोलायची सगळी तयारी केली होती, पण त्यांची मान खाली घातलेली पाहिली आणि बोलणं गिळलं.

अक्का काही महिन्यांनी परत आली ती नातीच्या कौतुकानं फुगून. तिनं ओसरीवर बसून विमानाचं वर्णन सुरू केलं. जेवण देतात, पांघरूण देतात, दिवे घालवतात, मग सगळे निजतात. दाजी ताडकन उठून बसले.

"सगळे?"

"सगळे."

"एवढी गाडीभर माणसं, अन् जागं कुनीच न्हाई?"

"कावून जागायचं? झोप येती की," अक्का म्हणाली.

त्या दिवसापासून त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. त्यातच मनूचा फोन आला. नागपंचमीला गावी यायचं तिच्या मनात होतं, पण जावयाला रजा नव्हती, तेव्हा ती लेकीला घेऊन एकटीच येणार होती. आमच्याकडं पंचमीच्या आधी लेकीला सासरहून आणायला बाप नाहीतर भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मनूला भाऊ नाही. ती हसत हसत म्हणाली, "इथं कुठला मुराळी यायला? माझ्या दारात काय आजपर्यंत कुणी न्यायला आलं नाही, अप्पा. मीच येते." ती हसली खरी, पण फोन स्पीकरवर होता आणि आम्हा सगळ्यांना त्या हसण्यामागचा हुंदका ऐकू आला. दाजींनी फोन ठेवला. मग म्हणाले, "पोरगी तान्ह्या लेकराला घिऊन त्या निजलेल्या गाडीत बसनार. मी जातो मुराळी." आणि लगेच, "पाव्हणं येतील संगं." मला कुणी विचारलंसुद्धा नाही! अक्कानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी दुकानाला कुलूप लावायचं मनात नक्की करून टाकलं.

त्या प्रवासाचं काय सांगू... विमानतळावर तपासणीत त्यांच्या खिशातून अडकित्ता निघाला. अर्थातच निघाला, मी दहादा बजावलं होतं ना! तिथल्या माणसानं तो धारदार वस्तू म्हणून बाजूला ठेवला. दाजी त्याला समजावू लागले, की हा माझ्या बापाचा आहे आणि ड्रायव्हरला सुपारी लागली तर काय दातानं फोडू? मी हातापाया पडून परत बाहेर पळालो, अडकित्ता गफूरच्या हवाली केला, धापा टाकत आलो, तर हे बुटाची नाडी बांधत म्हणतात, "पाव्हणं, उशीर लावला."

विमान सुटलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं ते थेट आखातात पोचेपर्यंत सोडलं नाही. पुढं दुसऱ्या विमानात, त्या लांबलचक पल्ल्यात, पुन्हा तेच. भीती गेली होती असं कुणी म्हणत असेल तर त्यानं माझं मनगट बघायला हवं होतं. पण दिवे मंद झाले, लोकांनी पांघरुणं ओढली, तसे ते ताठ बसले आणि बोलू लागले. माझ्याशी नाही, पायलटशी! हळू आवाजात, पुढं बघत. "हं, चल सावकाश. रस्ता मोकळा हाय. औंदा आमच्याकडं पाऊस बरा झाला बघ..." विमान हादरलं की, "आला घाट. धर दमानं, घाई न्हाई." आम्ही बसलो होतो पार शेपटाकडं. पलीकडं हैदराबादच्या एक वयस्कर बाई होत्या, लेकाकडं निघालेल्या. त्यांनी न राहवून विचारलं, "किससे बातां कर रहे भाईसाब?" दाजी म्हणाले, "डायवरसे." मी शरमेनं खिडकीत तोंड घातलं. बाईंनी मात्र जरा विचार केला, "तुम जागते ना? तो मैं सोतूं," म्हणाल्या, आणि खरोखर डोक्यावरून ओढणी घेऊन झोपल्या. दाजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू विधानसभेचं तिकीट मिळालं. त्यानंतर त्यांची पकड जरा सैल झाली. मला रक्त खेळतं झाल्याचं कळलं.

मनूनं दार उघडलं. आम्ही येतोय हे तिला माहीत होतं, तरी ती उंबऱ्यातच उभी राहिली. दाजींनी पाय धुवायला पाणी मागितलं. परदेशातल्या त्या चकचकीत दारात मनूनं तांब्या नव्हता म्हणून पातेल्यातून बापाच्या पायावर पाणी घातलं, आणि ते पाणी आत गालिच्यावर गेलं तरी कुणी हललं नाही. मीही हललो नाही. तेव्हा मात्र मला दाजींचा मुळीच राग आला नाही, हे इथं लिहून ठेवतो.

परत येताना मनू आणि तिची लेक आमच्यासोबत होत्या. दाजी पुन्हा ताठ बसले. आता त्यांना बराच सराव झाला होता, मनगटाऐवजी खुर्चीचा हात धरला तरी भागत होतं. मी मात्र दमलो होतो. त्यांनी कोपरानं ढोसलं, "पाव्हणं, निजू नगा," आणि मी पहिल्यांदाच त्यांना न जुमानता झोपलो. जाग आली तेव्हा विमान उतरत होतं.

यानंतर दोन वर्षं गावात जगणं कठीण झालं. कुणाचा पोरगा पुण्याहून दिल्लीला विमानानं निघाला तरी दाजी त्याला बोलावून सल्ला द्यायचे. "भ्यायचं न्हाई. निजायचं न्हाई." पारावर, सोसायटीत, तेराव्याच्या पंगतीत, सगळीकडं विमान. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. गफूरला तर सगळं पाठ होतं.

ते गेले तेव्हा मनूला अंत्यदर्शनाला पोचणं शक्य नव्हतं. दहाव्याच्या आत ती एकटीच आली, लेकीला नवऱ्याजवळ ठेवून. मी आणि गफूर रात्रीच निघून सकाळी हैदराबादला तिला आणायला गेलो. जाताना मी मागंच बसलो होतो, पुढची जागा मोकळी होती. ती बाहेर आली ती लालभडक डोळ्यांनी. मी म्हटलं, "पोरी, किती रडशील?"

"रडले न्हाई, मामा. डोळाच लावला न्हाई. सगळं इमान निजलं व्हतं."

इतकी वर्षं परदेशात राहून ती सफाईनं बोलायला शिकली होती. त्या दिवशी घरची बोली तोंडात आली. जीपशी येऊन तिनं थेट पुढचं दार उघडलं आणि बापाच्या जागेवर बसली. समोरच्या खणात अडकित्ता होता, तो हातात घेतला.

"गफूरकाका, जेवलात का? झोप झाली का?"

गफूरनं चावी फिरवली, पण गाडी हलवली नाही. तो म्हणाला, "मनूताई, एक इचारू? अप्पा शेवटाला एक नवंच सांगत व्हते... तुमी सगळे निजले, तवा त्या डायवरनं काय केलतं?" त्यानं आधी तिच्याकडं, मग आरशातून माझ्याकडं पाहिलं. ज्यांनी त्या विमानात जागं राहून पाहायला हवं होतं ते दोघंही त्याच्या गाडीत होते.

मनू म्हणाली, "मला न्हाई ठाऊक, काका. मी बी निजले व्हते. अप्पा जागे व्हते ना."

गाडी निघाली. शहर सुटेपर्यंत तिनं गफूरशी बोलायचा प्रयत्न केला, कॅनडातल्या थंडीचं काहीबाही सांगितलं, सुपारीचं खांड कातरून त्याच्या हातावर ठेवलं. मग शब्द तुटत गेले आणि तिची मान काचेकडं कलली. अडकित्ता मांडीवर तसाच उघडा होता. पुढचा रस्ता सरळ, ऊन चढलेलं, गाडीत कुणाचाच आवाज नाही. गफूरनं एक जांभई दाबली, ती मला आरशात दिसली.

मला ना उसाचा भाव माहीत, ना कुणाची सोयरीक. मी मनातल्या मनात दाजींना एक सणसणीत शिवी घातली, दोन्ही खुर्च्यांच्या मधे वाकून मनूच्या मांडीवरून तो अडकित्ता उचलून मिटला, आणि म्हणालो, "गफूर, औंदा तुमच्याकडं पाऊस कसाय?"