अक्कांची सव्वा मूठ

सरळ रेषेत चालता न येणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण सरळ चालणं हा ज्यांना अपमान वाटतो अशा माझ्या थोरल्या नणंदबाई एकट्याच. धुळ्याला पाचकंदिलाच्या बाजारातल्या गर्दीत आम्ही भाजीला शिरलो की पुढच्या क्षणी अक्का गायब. एका हातगाडीच्या डावीकडून, दोन म्हाताऱ्यांच्या मधून, बसलेल्या गाईला वळसा घालून त्या मेथीच्या ढिगापाशी पोचलेल्या असतात, आणि मी दोन पिशव्या सांभाळत त्याच गाईला "बाई, जरा सरक" म्हणून विनवत असते. "वहिनी, तू माणसं बघतेस म्हणून अडतेस. फटी बघत जा," असं त्या मला माझ्या लग्नापासून सांगत आल्या आहेत. त्यांचं स्वतःचं लग्न काही झालं नाही; त्यांना सवडच नव्हती. ऐन उमेदीत त्या राज्याच्या बास्केटबॉल संघात गार्ड होत्या. म्हणजे चेंडू पुढे न्यायचा, सगळ्यांना खेळवायचं आणि समोरचीच्या हातातला चेंडू तिला कळायच्या आत काढून घ्यायचा. उंची बेताचीच. कोणी त्यावरून टोकलं की म्हणायच्या, "चेंडू तरी कुठे उंच असतो?" अजिंक्यपद त्यांनी इतक्यांदा आणलं की घरात करंडक ठेवायला जागा उरली नाही. सर्वांत मोठ्या करंडकात आमच्याकडे लाल मिरच्या असतात, त्याहून धाकट्यात लसूण.

हातातून हातात वस्तू देणं त्यांना ठाऊकच नाही. नवी नवरी म्हणून मी उंबरठा ओलांडला आणि देवघरातून "वहिनी!" अशी हाक आली, पाठोपाठ नारळ आला. शालू सावरत तो मी कसा झेलला देव जाणे. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. अक्का मात्र मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "झेल सुटत नाही. टिकेल." पुढे गुडघ्याने दगा दिला, खेळ सुटला, आणि त्या मुलींना शिकवू लागल्या. तेव्हापासून गळ्यात सोन्याच्या साखळीशेजारी शिट्टी असते, अगदी हळदीकुंकवालासुद्धा. सासूबाईंचं आणि माझं जुंपलं की ती वाजते, आणि आम्ही दोघींनी मुकाट्याने पाणी पिऊन यायचं असतं.

पण त्यांची खरी खोड जेवताना. ताटात असेल त्याचा संघ होतो. भरिताच्या पार्टीत भाकरीचे तुकडे बचावाला उभे राहतात, कांद्याची फोड आत घुसते, मिरची तिला अडवते, आणि डाव समजावून झाला की बोलता बोलता अक्का दोन्ही संघ खाऊन टाकतात. ताट कोणाचं आहे हे त्या बघत नाहीत.

गेल्या श्रावणात याच खोडीने घोळ घातला. अक्कांच्या संघातली सगळ्यांत हुशार गार्ड पारोळ्याची. जळगावच्या स्पर्धेतून राज्याचा संघ निवडायचा होता, आणि पहिला सामना नेमका त्यांच्या घरच्या कानबाईच्या विसर्जनाच्या सोमवारी. कानबाई ही आमची खानदेशची देवी; श्रावणातल्या रविवारी घरी बसते, सोमवारी तिचं विसर्जन. वडिलांनी फोनवर सांगितलं, पोर येणार नाही आणि यापुढे खेळणारही नाही. स्थळं येऊ लागली आहेत. त्या दिवशी अक्कांनी घरात एकही वस्तू फेकली नाही. मला काळजीच वाटली. "अशी पोर मला परत मिळेलही, वहिनी," त्या म्हणाल्या, "पण तिला हे वर्ष परत मिळणार नाही."

रविवारी संघाची जीप जळगावला निघाली, तेव्हा पारोळा वाटेवरच आहे या सबबीवर त्यांनी ती पोरीच्या दारात थांबवली. आमच्याकडे कानबाई पुढच्या रविवारी बसते, म्हणून मीही सोबत होते. घरात सगळे भाऊबंद जमलेले. पोरीच्या आजीसमोर रोटांचं ताट. कानबाईचे रोट म्हणजे काय विचारता! घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचेच रोट करायचे आणि ते घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. अक्कांना हे जन्मापासून ठाऊक. पण समजावायला बसल्या आणि हात ताटात गेलाच. "हे बघा दादा, या पाच उंच पोरी," त्यांनी रोटाचे तुकडे मांडले, "आणि ही तुमची."

वडील शांतपणे अहिराणीत म्हणाले, "खेळीसन काय व्हई, अक्का? तुमनासारखी एकलीच राही का ती?"

 अक्कांना मी इतकं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं. एकही फट उरली नव्हती. काही सुचेना म्हणून त्यांनी हातातला तुकडा, तीच 'तुमची पोर', तोंडात टाकला.

सगळ्यांचे डोळे अक्कांवर. लक्षात आलं तेव्हा घास गिळून झाला होता. अक्कांचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात आजी बोळक्या तोंडाने हसली. "आते काय करशी? रोट खादा तिनी. ती आते आपला घरनीच शे." मग मुलाकडे वळून म्हणाली, "एकली कशी? पोरनी फुई शे ती. फुईसंगे पोर धाडाले तुले कसानं भ्याव?"

फुई म्हणजे आत्या. आत्याबरोबर निघालेल्या पोरीला अडवायचं कसं? वडिलांनी कानबाईला हात जोडले. "कानबाईले तूच सांग मंग, माय," ते म्हणाले, आणि पोर बूट शोधायला आत पळाली. पुढे ती राज्याच्या संघात गेली. आता सामन्याच्या आधी ती 'फुई'ला फोन करते.

जीपमध्ये मात्र अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "वहिनी, आपल्या रोटात माझी मूठ असते का गं?" त्यांना उत्तर ठाऊक होतं. त्या लेक म्हणून रोट खातात, पण त्यांच्या नावाची मूठ कधी पडली नव्हती.  

पुढच्या रविवारसाठी गहू घेताना सासऱ्यांची मूठ झाली, ह्यांची झाली, मुलाची झाली. सासूबाई "झालं" म्हणाल्या. मी आणखी सव्वा मूठ घेतली.  मला वाटलं, आता जुंपणार. पण सासूबाईंनी सूप माझ्यापुढे सरकवलं.

कानबाईच्या दिवशी अक्कांनी ताटात संघ मांडला नाही. सावकाश जेवल्या आणि आणखी एक रोट मागितला, झेलायला हात वर करून. मी उठले आणि तो त्यांच्या हातात दिला.